गारगोटी की आणखी काही?

प्रश्न : वेताळ टेकडीवर जुन्या खाणीपाशी मुलीला पांढरा, चकाकणारा खडा सापडला. ही गारगोटीच ना?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, नुसत्या रंगावर जाऊ नका. आपल्या काळ्या बेसॉल्ट खडकाच्या पोकळ्यांत गारगोटीशेजारीच कॅल्साइट आणि स्टिल्बाइट ही खनिजेही वाढतात, तीही बहुधा पांढरीच. जुन्या काचेचा तुकडा टेबलावर सपाट ठेवा (हातात धरू नका) आणि खडा दाबून ओढा. खनिजांच्या १ ते १० या मोजपट्टीवर गारगोटीची कठिनता ७, ती काचेवर खरा ओरखडा उमटवते. कॅल्साइटची ३, त्याचा नुसता भुगा राहतो आणि बोटाने पुसला जातो. कॅल्साइट सपाट, तिरक्या पृष्ठांवर फुटतो. गारगोटी जाड काचेसारखी, वक्र. मुलीच्या हाती भिंग जरूर द्या, माझ्या वर्गात मी तिथूनच सुरुवात करते. टेकडीवर हातोडी मात्र नेऊ नका. सुटा पडलेला खडा अभ्यासाला पुरतो.