डोपिंगबद्दल खेळाडूंना शिकवायचंय, पण बाबा म्हणतात मेडिकल टाक

पत्र थोडक्यात असं: "सर, मी साताऱ्याजवळच्या गावातली, बी फार्म थर्ड इयरला आहे. शाळेपासून 1500 मीटर पळायचे, स्टेटपर्यंत गेले, मग गुडघ्यामुळे सुटलं. आमच्या ग्रुपमधली एक मुलगी डोप टेस्टमध्ये सापडली, आपण काय घेतलं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मला प्रोफेशनल खेळाडूंना याबद्दल शिकवायचं काम करायचंय. बाबा म्हणतात असली नोकरी नसते, डिग्री घे आणि मेडिकल टाक. काय करू?"

अगं, आधी बाबांचं बोलू, कारण ते निम्मे बरोबर आहेत. फक्त डोपिंगचं शिक्षण देण्यासाठी पगारी फुल टाइम माणूस ठेवलाय असं आपल्याकडे फार कमी ठिकाणी दिसेल. दिल्लीत नाडा, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था आहे, तिथे एज्युकेशनचं काम चालतं, पण त्यातलं आणि सँपल घ्यायला जाणाऱ्या डोप कंट्रोल ऑफिसरचं बरंचसं काम पॅनेलवर, मानधनावर होतं. म्हणजे "मी फक्त हेच करणार" असं ठरवून निघालीस तर दोन वर्षांत घरच्यांपुढे हात पसरायची वेळ येईल, हे मी गोड करून सांगणार नाही.

पण गरज नाही असं कुणी म्हणालं तर त्याला वाडाचे, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेचे, आकडे दाखव. 2024 मध्ये भारतात 7113 सँपल तपासली, 260 पॉझिटिव्ह, म्हणजे 3.6 टक्के, एवढ्या मोठ्या प्रमाणावर टेस्टिंग करणाऱ्या देशांत हे सगळ्यात वाईट. आणि 2023 चा दिल्लीचा किस्सा तुला माहीतच असेल, राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत नाडाची माणसं आल्याचं कळलं आणि 100 मीटरच्या फायनलला एकच पोरगा उरला, बाथरूममध्ये सिरिंजा पडलेल्या. यातले किती जण मुद्दाम घेतात आणि किती जणांना "सरांनी दिलं, ताकदीचं आहे म्हणाले" एवढंच माहीत असतं, हे कुठल्याच आकड्यात दिसत नाही. तुझी मैत्रीण त्या दुसऱ्या गटातली दिसते. नियम मात्र दोघांनाही एकच, अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, कसं आलं ते त्यानेच सिद्ध करायचं. नरसिंग यादवच्या वेळी तू लहान असशील. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान, 2016 ला रिओला पोचलेला, जेवणात कुणीतरी कालवलं असं त्याचं म्हणणं, नाडाने ते मानलंही, पण क्रीडा लवादाने मानलं नाही आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी 4 वर्षांची बंदी. खरं काय ते त्यालाच ठाऊक, पण त्यानंतर "मला माहीत नव्हतं" हे वाक्य किती तोकडं पडतं ते सगळ्या तालमींना कळायला हवं होतं, कळलं असं मला तरी वाटत नाही.

आता तुझा फायदा कुठे आहे ते बघ. पृथ्वी शॉ, पहिल्याच क्रिकेट टेस्टमध्ये शतक मारलेला पोरगा, 2019 मध्ये त्याला 8 महिन्यांची बंदी झाली ती टर्ब्युटालीनमुळे. टर्ब्युटालीन कशात असतं हे तुला मी सांगायला नको, दुकानात खोकल्याची बाटली देताना लेबलवर रोज वाचशील. बोर्डानेही मानलं की खोकल्याच्या औषधातून अजाणता गेलं, तरी बंदी झालीच. तसंच प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांचं, स्पर्धेच्या काळात बंद. 2022 पासून स्टेरॉइडची इंजेक्शनंही स्पर्धेच्या काळात बंद, गुडघ्यातलं सुद्धा, आणि आपल्याकडे तर पेशंटच डॉक्टरांना म्हणतो साहेब एक इंजेक्शन द्या म्हणजे लवकर बरं वाटेल. वजन गटात बसायला घेतलेली लघवीची गोळी बंद, कारण ती बाकीचं लपवायला वापरतात. साल्ब्युटामोलचा दम्याचा पंप चालतो, पण 24 तासांत 1600 मायक्रोग्रॅम आणि त्यातही 8 तासांत 600 च्या वर नाही. हे सगळं कोचला माहीत नसतं, एमबीबीएस डॉक्टरलाही बऱ्याचदा नसतं, आणि ज्याला फार्माकोलॉजी, म्हणजे औषधाचं शास्त्र समजतं त्याला खेळ कळत नाही. तुला दोन्ही येतं, तेच तुझं भांडवल.

शिकवणं म्हणजे तू काय डोळ्यापुढे आणलंयस मला माहीत नाही, पण कॅम्पमध्ये एक तासाचं इंग्रजी पीपीटी, पोरं मागे मोबाईल बघतायत, शेवटी हजेरीच्या कागदावर सह्या, असलं शिक्षण खूप झालंय आणि त्याचा उपयोग मला शून्य वाटतो. वाडाने 2021 पासून शिक्षणाचं वेगळं स्टँडर्डच लागू केलंय, त्यातलं एक सूत्र मला फार पटतं की खेळाडूची डोपिंग या विषयाशी पहिली भेट शिक्षणातून व्हावी, टेस्टमधून नाही. आपल्या ग्रामीण भागातल्या पोरांची पहिली भेट हमखास टेस्टमध्येच होते, लघवीची बाटली हातात आल्यावर. तुला असा माणूस व्हायचंय ज्याला पोरगं गोळी गिळायच्या आधी रात्री दहाला फोटो पाठवून विचारेल, ताई हे चालेल का. तेवढा विश्वास बसायला तुझ्याकडे भाषण नको, पटकन आणि बरोबर उत्तर हवं, आणि नक्की माहीत नसेल तर "थांब, बघून सांगते, तोवर घेऊ नको" एवढं म्हणायची हिंमत.

आता कामाचं सांगतो. वाडाचं एडेल नावाचं ऑनलाइन शिक्षण फुकट आहे, खेळाडूंचा आणि कोचचा असे दोन्ही कोर्स याच सेमिस्टरला करून टाक. बंदीची यादी दर वर्षी 1 जानेवारीला बदलते, टेनिसवाली शारापोवा त्यातच अडकली होती, मेलडोनियम नावाचं औषध 2016 पासून यादीत आलं आणि तिने घेणं थांबवलं नाही. तर यादी दर वर्षी नव्याने वाचायची सवय आतापासून लाव. नाडाचं नो युवर मेडिसिन ॲप मोबाईलवर ठेव. उपचारासाठी औषध लागलंच तर टीयूई नावाची परवानगी असते, तिचा फॉर्म कसा भरतात, त्याला कुठले रिपोर्ट लागतात हे शिक, कारण हे भरून देणारं माणूस जिल्ह्यात शोधून सापडत नाही.

पुढच्या शिक्षणात दोन वाटा दिसतात. जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एम फार्म, फार्माकोलॉजीत केलंस तर स्पोर्ट्स मेडिसिनवाल्या डॉक्टरांबरोबर, फ्रँचायझी टीमबरोबर, पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलासारख्या ठिकाणी काम मिळवायला बरं पडेल, पण तिथे ओळखी आणि चिकाटी लागते. ॲनालिसिसमध्ये केलंस तर लॅबची वाट, दिल्लीची एनडीटीएल ही देशातली वाडाची मान्यता असलेली लॅब, मध्ये 2019 ला तिची मान्यता निलंबित होऊन दोन वर्षांनी परत आली, आणि गुवाहाटीच्या नायपर या औषधशास्त्राच्या संस्थेने तिच्याबरोबर टेस्टिंगला लागणारे रेफरन्स मटेरियल, म्हणजे सँपल ताडून बघायचे शुद्ध नमुने, तयार केलेत. पण लॅबमध्ये खेळाडू दिसत नाही, नुसतं सँपल दिसतं, तुझं पत्र वाचून तुझा जीव तिथे रमेल असं वाटत नाही. सप्लिमेंट कंपन्याही बोलावतील, पगारही चांगला देतील. तिकडे जाऊ नको, निदान पहिली पाच वर्षं, एकदा डबे विकायला लागलीस की खेळाडूला तुझं "हे घेऊ नको" खरं वाटणार नाही.

आणि बाबांचं मेडिकल? मी तर म्हणतो टाका, पण तालमीच्या किंवा मैदानाच्या जवळ बघा. मेफेंटरमाइन, जे खरं तर ऑपरेशनच्या वेळी बीपी पडला तर द्यायचं, ते जिममध्ये स्टॅमिन्यासाठी टोचतात आणि पोलीस त्याच्या धाडी टाकतात हे तू पेपरात वाचतेसच. चिठ्ठीशिवाय तसलं काही न देणारं आणि वर पोराला दोन शब्द सुनावणारं एक काउंटर गावात असेल तर ते पण शिक्षणच. दुकानाचा धंदा घर चालवेल, रविवारी तालुक्याच्या अकादमीत जाशील, आणि नाडाच्या वेबसाइटवर पॅनेलची जाहिरात येईल तेव्हा अर्ज टाकायचा.

मैत्रिणीचं एक राहिलं. तिला नोटीस आली असेल आणि मुदत संपली नसेल तर आधी तिने घेतलेल्या सगळ्या गोळ्या, डबे, बिलं, कोचचे व्हॉट्सॲप मेसेज एका ठिकाणी जमवा, काही डिलीट करायचं नाही. ती अल्पवयीन असेल तर नियमात तिला थोडी वेगळी वागणूक आहे, ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. हे आधी करा, जीपॅटचा फॉर्म आठवड्याने भरला तरी चालेल.