डी ड्राइव्हमधले व्हिडिओ उडवले, ब्राउझरही साफ केला, तरी मेमरी ८५ टक्के भरलेली का दिसते?

तुमच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे आणि विंडोजमधला टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्रॅम किती मेमरी घेतोय ते दाखवणारी खिडकी) ८५ टक्के दाखवतोय. म्हणून तुम्ही डी ड्राइव्हमधले जुने व्हिडिओ काढले, ब्राउझरची हिस्टरी आणि कॅशे साफ केली, तरी आकडा जागचा हलला नाही. आता हे रोज करावं का, असं विचारताय. रोज करू नका. तुम्ही जागा मोकळी केलीत ती डिस्कवर, आणि तो आकडा आहे रॅमचा.

दोन्ही जीबीतच मोजतात, म्हणून गल्लत होते. डिस्कवरची फाइल मशीन बंद झालं तरी राहते. रॅममध्ये फक्त आत्ता चालू असलेल्या प्रोग्रॅमना लागणारा डेटा असतो आणि वीज गेली की तो पुसला जातो. व्हिडिओ डिस्कवर नुसता पडून असेल, तर तो रॅमला हातही लावत नाही. रॅममधून काही उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कला त्याच कामाला ५ ते १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे किमान ५० हजार पट. एसएसडीचा, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपवरच्या डिस्कचा, वेग या दोन्हींच्या मधे कुठेतरी, पण रॅमपेक्षा शेकडो पट हळूच.

आता ८५ टक्क्यांबद्दल. आकडा मोठा दिसला म्हणजे बिघाड झाला असं नाही. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात मेमरीवर क्लिक करा आणि ‘कमिटेड’च्या खाली बघा. तिथे दोन आकडे असतात: प्रोग्रॅमनी एकूण किती मेमरी मागून ठेवली आहे, आणि रॅम व पेजफाइल मिळून किती देता येईल. पेजफाइल म्हणजे सी ड्राइव्हवरची एक लपवलेली फाइल. रॅम अपुरी पडली की विंडोज रॅममधला काही डेटा उचलून या फाइलमध्ये टाकतं आणि लागला की परत आणतं. पहिला आकडा ८ च्या बराच वर गेलाय, टॅब बदलताना मशीन अडतंय, डिस्कचा रकाना १०० टक्क्यांजवळ जातोय, अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर रॅम खरंच कमी पडतेय. एरवी काळजीचं कारण नाही.

डिस्कच्या जागेचा मेमरीशी खरा संबंध येतो तो याच पेजफाइलपाशी. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला तर ती फाइल वाढू शकत नाही आणि प्रोग्रॅम मेमरी नाही म्हणून बंद पडायला लागतात. तेव्हा सी ड्राइव्हवर काही जीबी नेहमी मोकळे ठेवा. पेजफाइल मुद्दाम तिकडे हलवली नसेल, तर डी मोकळा करून या बाबतीत काहीच साधत नाही.

ब्राउझर एवढी मेमरी का खातो, हेही समजून घ्या, कारण दोष बहुतेक वेळा कॅशेला दिला जातो. क्रोम २००८ साली आला तेव्हापासूनच तो टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये (प्रोसेस म्हणजे स्वतंत्र मेमरी घेऊन चालणारा प्रोग्रॅमचा भाग) चालवतो, म्हणजे एक पान कोसळलं तरी बाकीची वाचतात. २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली त्रुटी उघड झाल्यावर, एका साइटला दुसरीचा डेटा चोरता येऊ नये म्हणून डेस्कटॉपवर प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेस देणं सुरू झालं. त्यासाठी जास्तीची मेमरी लागते, आणि माझ्या मते ती किंमत रास्त आहे.

कॅशे मुख्यतः डिस्कवर असते. पानातली चित्रं, स्क्रिप्ट पुन्हा डाउनलोड कराव्या लागू नयेत म्हणून ती ठेवलेली असतात. रोज साफ केलीत तर रोज सगळं नव्याने उतरवावं लागेल, म्हणजे उलट वेग कमी होईल. एखादी साइट मोडकी किंवा जुनीच दिसत असेल, तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटचा डेटा काढा. सरसकट साफ करायची वेळ आलीच, तर कुकीज आणि पासवर्डसमोरची खूण आधी काढा, नाहीतर सगळीकडून लॉग-आउट व्हाल.

मेमरी कोण खातंय हे ब्राउझर स्वतःच सांगतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, मग मेमरीच्या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक करा, म्हणजे सर्वांत खादाड वर येईल. दिवसभर उघडा राहिलेला ईमेलचा टॅब किंवा व्हिडिओचं पान बरेचदा वरच असतं. ‘एक्सटेन्शन’ (ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम) अशी सुरुवात असलेल्या ओळी मात्र नीट वाचा. कधीतरी टाकून विसरलेलं एक्सटेन्शन स्वतःची प्रोसेस चालवत असू शकतं, शिवाय बरीचशी उघडलेल्या पानांतही आपला कोड घालतात. जे लागत नाही ते काढून टाका. फायरफॉक्समध्ये हीच यादी ‘अबाउट:प्रोसेसेस’ या पानावर मिळते. क्रोमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्सखाली ‘मेमरी सेव्हर’ आहे, तो चालू करा. बराच वेळ न पाहिलेले टॅब तो मेमरीतून काढतो आणि क्लिक केलं की पुन्हा लोड करतो. अर्धवट भरलेला फॉर्म असा उघडा सोडू नका, एवढीच खबरदारी घ्या.

‘रॅम मोकळी करा’ म्हणणारी क्लीनर ॲप्स मात्र कृपया टाकू नका. ती चालू प्रोग्रॅमचा डेटा रॅमबाहेर ढकलतात. आकडा झटकन खाली येतो, पण पुढच्याच क्लिकला तो डेटा परत आणावा लागतो.

एवढं करूनही कमिटेडचा आकडा सतत वरच राहत असेल, तर १६ जीबी रॅम करून घ्या. त्याआधी त्याच मेमरीच्या पानावर ‘फॉर्म फॅक्टर’ बघा. ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलं असेल, तर ती रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि बदलता येत नाही. ‘एसओडीआयएमएम’ असेल तर ती स्लॉटमध्ये बसवलेली आहे, बदलता येईल.