चण लहान, पण काटक

‘जिममध्ये ट्रेनर म्हणाला, तू एक्टोमॉर्फ आहेस. याला मराठीत सडपातळ म्हणायचं का?’ असा प्रश्न आला आहे.

सडपातळ म्हटलं तर समजेल, पण नेमकं तेच सांगायचं राहून जाईल. विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४० साली बांध्याचे तीन प्रकार मांडले: एक्टोमॉर्फ (शेलाटा), मेसोमॉर्फ (भरदार), एंडोमॉर्फ (स्थूल). गर्भाच्या तीन थरांवरून ही नावं पाडली, म्हणजे बांधा जन्मजात असतो हे त्यात धरलेलंच आहे. (बांध्यावरून स्वभाव ओळखण्याचा त्याचा दावा पुढे टिकला नाही.) सडपातळ हा शब्द मात्र आजचं रूप सांगतो. उद्या अंग धरलं की तो गेला.

जन्मजात घडणीसाठी आपल्याकडे ‘चण’ आहे, आणि हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. चण हाडापेराची, ती लहान असते किंवा थोराड. खाण्यापिण्याने बदलतं ते अंग. अंग भरतं, सुटतं, झडतं. म्हणूनच ‘लहान चणीची, पण भरल्या अंगाची’ असं घरातल्या बायका सहज बोलून जातात.

लहानपणी सोलापुरात तालमीत पाहिलेलं आठवतं. वस्तादांनी एका नव्या पोराला बैठका मारायला लावल्या. मग त्याचं मनगट अंगठा आणि मधल्या बोटात धरलं. बोटं एकमेकांवर चढली. दंडाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘चण बारकी हाय, पण पोरगं काटक हाय.’ काटक हा शब्द आकाराचा नव्हेच, दमाचा. शेल्डनच्या तिन्ही खणांत त्याला जागा नाही.

अंगकाठी आणि शरीरयष्टी यांत कल्पना एकच, कारण यष्टी म्हणजे काठीच. त्यामुळे ‘स्थूल शरीरयष्टी’ माझ्या कानाला खटकते. तिथे बांधा बरा. ठेवण चेहऱ्याला शोभते. अंगलट वारशाची: ‘अंगलट बापाची घेतली’. आमच्याकडे सोलापुरात बुटक्याला गिड्डा म्हणतात, आणि कन्नडमध्येही गिड्ड म्हणजे बुटकाच. या गावात दोन्ही भाषा एकाच ओट्यावर बसतात, तेव्हा नवल नाही.

शेल्डनच्या तीन शब्दांना मी ओळीने शेलाट्या, भरदार आणि स्थूल बांध्याचा असं म्हणेन. मनगट बारीक असेल तर ‘लहान चणीचा’ हेही जोडा.