भाड्याचा कॅमेरा आणि एका रात्रीचा उशीर

प्रश्न : तीन दिवसांसाठी भाड्याने घेतलेला मिररलेस कॅमेरा आणि ७०-२०० मिमीची झूम लेन्स रविवारी रात्री नऊपर्यंत परत द्यायची होती. शूट लांबलं, म्हणून ८ वाजून २० मिनिटांनी मालकाला मेसेज केला, ‘उद्या संध्याकाळी दिला तर चालेल का?’ उत्तर आलं नाही. सोमवारी पहाटे समुद्रावर लाटेने ट्रायपॉड पाडला आणि कॅमेरा पाण्यात गेला. सव्वानऊला उत्तर आलं, ‘ठीक आहे, एका दिवसाचं भाडं जादा लागेल.’ संध्याकाळी बॅग परत केली, तेव्हा मी काही बोललो नाही. आता वकिलाची नोटीस आली आहे. सात दिवसांत नव्या कॅमेऱ्याची आणि लेन्सची पूर्ण किंमत द्या, शिवाय बुडालेलं भाडं द्या, नाहीतर पोलिसांत जातो. सिक्युरिटी म्हणून दिलेला, सही केलेला कोरा चेक मालकाकडे आहे. झाला तो निव्वळ अपघात होता, मग जबाबदार मी कसा? करारपत्र, मेसेज, मालकाने पाठवलेला हिशेब आणि मी लिहिलेलं माफीपत्र जोडत आहे.

उत्तर : माफीपत्र अजून पाठवलं नसेल तर पाठवू नका. त्यातलं तिसरं वाक्य असं आहे : ‘मी कॅमेरा वेळेवर परत केला असता तर हे झालंच नसतं.’ मनापासून लिहिलंय हे दिसतं. पण तुमच्या प्रकरणात जो एकच मुद्दा खरोखर लढवण्यासारखा आहे, तो या वाक्याने तुम्ही स्वतःच्या सहीनिशी सोडून देता.

भाड्याच्या कॅमेऱ्याचे, ड्रोनचे, लाइटचे प्रश्न येतात तेव्हा जवळपास प्रत्येक जण ‘अपघात होता हो’ इथूनच सुरुवात करतो. अपघात होता की हलगर्जी, हा प्रश्न नंतरचा. त्याआधीचा प्रश्न असा, की नुकसान झालं त्या क्षणी कॅमेरा तुमच्याकडे कोणत्या हक्काने होता?

दुसऱ्याची वस्तू ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीसाठी ताब्यात घेतली की भारतीय करार कायदा, १८७२ मधली बेलमेंटची, म्हणजे दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेण्याची, कलमं लागू होतात. कलम १६० म्हणतं, मुदत संपली की मालकाने मागायची वाट न बघता वस्तू परत करा. आणि कलम १६१ म्हणतं, तुमच्या चुकीमुळे वस्तू वेळेवर परत गेली नाही, तर त्या वेळेपासून तिचं जे काही होईल त्याची जबाबदारी तुमची. तुम्ही काळजी घेतली होती का, हे इथे कोणी विचारतच नाही. लाट, वीज, चोर, काहीही असो. रविवारी रात्री नऊला मुदत संपली असं एकदा धरलं, की सोमवारी पहाटेच्या अपघाताचं तुमचं सगळं म्हणणं ऐकून घेण्याची गरजही उरत नाही. समोरच्या वकिलाने नोटिशीत १६१ चा उल्लेख केलेला नाही, पण तो करेल. तुमचं पत्र हातात पडलं तर लगेच करेल.

मग मुदत वाढली होती का? ८:२० चा मेसेज ही फक्त विनंती होती. दोन निळ्या टिक म्हणजे समोरच्याने वाचलं, होकार दिला असं नाही. होकार आला सव्वानऊला, म्हणजे कॅमेरा बुडाल्यानंतर. एवढ्यावरच थांबलं असतं तर मी तुम्हाला पैसे जमवायला लागा म्हटलं असतं.

पण तुम्ही जोडलेल्या हिशेबात दुसरी ओळ आहे : ‘भाडे ३ दिवस + जादा १ दिवस’. कागद बुधवारचा आहे. त्याच कागदावर खाली ‘बॉडी व लेन्स, पाणी शिरून नुकसान’ असंही लिहिलंय. म्हणजे कॅमेरा सोमवारी पहाटे बुडाला हे कळल्यानंतर, बुधवारी, मालकाने सोमवारचं भाडं लावलं आणि तुमच्या डिपॉझिटमधून वळतं करून घेतलं. तुमचं प्रकरण या ओळीवर उभं राहतं. सोमवार हा भाड्याचा चौथा दिवस होता असं सगळं माहीत असताना धरून त्याचे पैसे घ्यायचे, आणि त्याच सोमवारी कॅमेरा तुमच्याकडे मुदतीबाहेर होता असंही म्हणायचं, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. त्या हिशेबाचा फोटो ज्या मेसेजमधून आला, तो मेसेज जपा. फोन बदलू नका.

यात कच्चा दुवा आहे तो तुमच्या गप्प राहण्याचा. सव्वानऊला मालकाने ‘ठीक आहे’ लिहिलं तेव्हा कॅमेऱ्यात खारं पाणी शिरून अडीच तास झाले होते, आणि हे फक्त तुम्हाला माहीत होतं. संध्याकाळी बॅग काउंटरवर ठेवून तुम्ही निघून आलात. हे का केलंत? एका फोनचा प्रश्न होता. समोरून म्हणतील की होकार अंधारात ठेवून घेतला, आणि त्या म्हणण्यात दम आहे. म्हणूनच मी भर सव्वानऊच्या मेसेजवर न देता बुधवारच्या हिशेबावर देतोय. बुधवारी त्याला कोणीही अंधारात ठेवलेलं नव्हतं. कोर्ट हे मान्य करेलच अशी खात्री मी देत नाही, पण उभं राहायला पायाखाली जमीन आहे.

हा मुद्दा टिकला तर तुम्ही सुटलात असं नाही. तेव्हा कुठे ‘अपघात होता’ हे म्हणायची संधी मिळते. कलम १५१ नुसार, शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी तुम्ही घ्यायला हवी होती, आणि १५२ नुसार ती घेतली असेल तर नुकसान तुमच्या माथी नाही, अर्थात करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर. काळजी घेतली होती हे दाखवायची जबाबदारी तुमची, कारण वस्तू तुमच्या ताब्यात होती. आणि तुमचाच मजकूर सांगतो की ट्रायपॉड ओल्या वाळूत, पाण्याच्या रेषेवर होता, भरती चढत होती, आणि फिल्टर आणायला तुम्ही बॅगेपर्यंत गेला होता. परतणारी लाट ट्रायपॉडच्या पायांखालची वाळू ओढून नेते. दोन-तीन लाटांत एक पाय खचतो, आणि वर ७०-२०० सारखी पुढे जड लेन्स असेल तर सगळा तोल त्याच बाजूला जातो. पाय वाळूत खोल दाबलेले, मधला दांडा खाली, खाली वजनाची पिशवी टांगलेली, कॅमेऱ्याचा पट्टा हातात, असं काही केलं होतं का? केलं असेल तर आजच तारखेसह लिहून ठेवा, सोबत असलेल्या मित्रालाही त्याच्या शब्दांत लिहायला सांगा. केलं नसेल तर केलं म्हणून सांगू नका. ‘वेदर सील’ होतं, हा बचाव विसरा. ते पावसाच्या शिंतोड्यांसाठी असतं, समुद्रात बुडण्यासाठी नाही.

दुसरा घोळ पाण्यातून काढल्यानंतरचा. तासाभराने कॅमेरा चालू करून पाहिला, स्क्रीन क्षणभर लागली आणि गेली, मग तांदळाच्या डब्यात ठेवला, असं तुम्ही त्याच माफीपत्रात लिहिलंय. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते. बॅटरी आत असेल तर स्विच बंद असतानाही काही सर्किटमध्ये वीज असते, आणि मीठ व वीज एकत्र आले की बोर्डावरचं तांबं आणि लेन्सच्या माउंटवरचे संपर्कबिंदू भराभर गंजतात. चालू करणं म्हणजे त्या गंजाला जोर देणं. तांदूळ मीठ ओढून घेत नाही, उलट त्याची भुकटी आत जाते. बॅटरी, कार्ड आणि लेन्स ताबडतोब वेगळी करून, एकही बटण न दाबता, त्याच सकाळी सर्व्हिस सेंटरला दिलं असतं तर निदान लेन्सचा काही भाग वाचण्याची शक्यता होती. कायद्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की काळजी घेण्याची जबाबदारी अपघातापाशी संपत नाही. वस्तू परत देईपर्यंत ती चालू असते. लाटेचं नुकसान आणि नंतरचं नुकसान वेगळं मोजलं गेलं, तर दुसरं तुमच्या अंगावर येण्याची शक्यता जास्त.

आता रक्कम. करारपत्राच्या सातव्या अटीत ‘कोणतेही नुकसान झाल्यास नवीन वस्तूची पूर्ण किंमत’ असं छापलंय, आणि तुम्ही ती न वाचता सही केलीत. तरीही ती ब्रह्मवाक्य नाही. करारात आधीच आकडा किंवा दंड ठरवला असेल तर कलम ७४ नुसार त्या मर्यादेच्या आत, वाजवी भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६३ मध्ये फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या निकालात घटनापीठातर्फे सांगितलं, आणि २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात पुन्हा स्पष्ट केलं, की नुकसान मोजता येण्यासारखं असेल तर ते सिद्ध करावंच लागतं. कॅमेऱ्याचं नुकसान सहज मोजता येतं.

म्हणून उत्तरात या गोष्टी मागा : बॉडी आणि लेन्सची खरेदीची बिलं, सीरियल नंबर, बॉडीचा शटर काउंट (शटर आजवर किती वेळा चाललं तो आकडा), आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा लेखी अहवाल. अहवालात मेन बोर्ड, शटर युनिट, सेन्सर स्टॅबिलायझर, माउंटचे संपर्क, लेन्सची मोटर असं सुट्या भागांनुसार लिहिलेलं हवं, ‘पाण्याने खराब’ एवढी एक ओळ चालणार नाही. दुरुस्ती परवडणारी नसेल तर तसं लेखी. मग तीन वर्षं भाड्यावर फिरलेल्या त्याच मॉडेलची बुडण्यापूर्वीची बाजारकिंमत धरायची, नव्याची नाही, आणि मोडक्या कॅमेऱ्याच्या सुट्या भागांना जे येईल ते त्यातून वजा करायचं. मालकाने खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं, म्हणजे तो स्वतःच्या करातून वळता केला असेल तर तो कर त्याचं नुकसान धरता येत नाही. बुडालेलं भाडं तो मागेल, पण कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान कमी करण्याचे त्याच्या हातातले मार्गही मोजले जातात. दुरुस्तीला टाकायलाच त्याने महिना लावला तर त्या महिन्याचं भाडं तुमच्याकडून का? विमा होता का, क्लेम केला का, हेही विचारा. विमा कंपनीने पैसे दिले तर तीच नंतर तुमच्यावर येऊ शकते, म्हणून तडजोडीत तिचा उल्लेख सुटता कामा नये.

नोटिशीतली सात दिवसांची मुदत त्यांनी घातलेली आहे, कायद्याने नाही. तरी ती ओलांडू नका, त्रोटक का होईना उत्तर द्या. खरी जीवघेणी मुदत चेकची आहे. सही करून कोरा चेक दुसऱ्याच्या हातात देऊ नये, हे किती वेळा सांगायचं? कोऱ्या चेकवर रक्कम भरायचा अधिकार आपण दिला, असंच कायदा सुरुवातीला धरतो. बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार, २०१९ हा निकाल त्याच बाजूचा आहे. म्हणून आजच वकिलामार्फत, पोच मिळेल अशा पद्धतीने कळवा, की चेक कोरा आणि फक्त सिक्युरिटीसाठी दिला होता, रक्कम वादात आहे, ती ठरेपर्यंत भरू नये. तरीही चेक टाकला आणि न वटता परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत मालक नोटीस देईल आणि ती मिळाल्यापासून पैसे द्यायला तुमच्या हाती फक्त १५ दिवस असतील. ते चुकले तर परक्राम्य संलेख कायद्याच्या, म्हणजे चेकसारख्या कागदांच्या कायद्याच्या, कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. बँकेला ‘स्टॉप पेमेंट’ सांगून मोकळं होता येईल असं समजू नका, त्यानेही १३८ टळत नाही.

पोलिसांच्या धमकीने झोप उडवून घेऊ नका. विश्वासघातासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ ला अप्रामाणिक हेतू लागतो, आणि आगळिकीसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान करण्याच्या गुन्ह्यासाठी, ३२४ ला हेतू किंवा जाणीव. लाटेत पडलेल्या कॅमेऱ्यात यातलं काही नाही. ग्राहक आयोगाकडे अन्यायकारक अटीची तक्रार करता येईल का, हे शूट धंद्याचं होतं की नाही यावर ठरेल. आत्ता त्या वाटेला जाऊ नका.

मालकाला दाव्यासाठी तीन वर्षं आहेत, आणि दावा दाखल झाला तर निकालाला त्याहून कितीतरी जास्त लागतील. कॅमेऱ्याचं मॉडेल बंद पडेल, तारखा चालूच राहतील. या दिरंगाईची मला चीड आहे, पण तुमच्या बाजूने तोलायचं तर हाच दबाव मालकावरही आहे. सर्व्हिस सेंटरचा अहवाल हातात आला की ‘हक्क अबाधित ठेवून’ असं लिहून एक आकडा द्या. तो मान्य झाला तर करार कायद्याच्या कलम ६३ नुसार कमी रक्कम पूर्ण व अंतिम म्हणून स्वीकारता येते. पैसे देतानाच्या कागदावर चार गोष्टी हव्यात : पूर्ण व अंतिम, भाड्याचा काहीही हक्क शिल्लक नाही, विमा कंपनीकडून पुढे मागणी येणार नाही याची हमी, आणि कोरा चेक परत मिळाला. चेक हातात आल्याशिवाय पैसे ट्रान्सफर करू नका.

मेमरी कार्ड तुमच्याकडेच आहे ना? ते फॉरमॅट करू नका, दुसऱ्या कॅमेऱ्यातही घालू नका. शेवटचा फोटो ६ वाजून ३८ मिनिटांचा आहे असं तुम्ही लिहिलंय. कॅमेऱ्याचं घड्याळ मागे-पुढे होतं का, हे त्याच वेळी फोनने काढलेल्या फोटोशी ताडून बघा. हिशेबात ‘सेन्सरवर डाग’ म्हणून वेगळी रक्कम लावली आहे, तिचं उत्तरही याच कार्डावर आहे. पहिल्या दिवसाचे एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवून, काढलेले आकाशाचे फोटो मोठे करून बघा. सेन्सरवरचे डाग तिथे राखाडी ठिपक्यांसारखे दिसतात. तेच ठिपके त्याच जागी पहिल्या दिवशीही असतील तर ते समुद्राने आणलेले नाहीत. या फोटोंसाठी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. प्रती काढण्याआधी मूळ कार्ड वकिलाकडे नेऊन द्या आणि त्याची पावती घ्या.