गटाचे आव्हान आणि स्वतःची गोधडी

प्रश्न : गोधड्या शिवणाऱ्यांच्या आमच्या गटात दरमहा नवा नमुना पूर्ण करायचा असतो. माझे तीन नमुने अर्धवट राहिले असून आता सुई हाती घेणेच नकोसे वाटते. काय करावे?

उत्तर : पुढील आव्हान निःसंकोच सोडून द्यावे, गटात राहून इतरांचे काम नुसते पाहण्यास कोणाचीच हरकत नसते. घाईचा फटका प्रथम मापाला बसतो. ठिगळे जोडताना पाव इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडले जाणारे जादा कापड, धरण्याची पद्धत आहे. ती प्रत्येक शिवणीत केवळ 1 मिलिमीटर जास्त गेली, तर दोन्ही बाजूंचे कापड आत जाऊन 10 शिवणींत रुंदी 2 सेंटिमीटरने घटते आणि मग कोपरे जुळत नाहीत. (उसवण्यात गेलेली संध्याकाळ कोणत्याच वेळापत्रकात धरलेली नसते!) अर्धवट नमुन्यांपैकी जो आजही आवडतो तेवढाच ठेवावा, त्याभोवती साध्या कापडाची पट्टी जोडावी आणि अस्तर लावून हाताने धावदोरा घालावा. हे काम सावकाश चालते, परंतु बहुतेकांना खरी गोडी त्यातच लागते. उरलेली दोन ठिगळकामे उशीच्या अभ्र्यांना पुरतील, किंवा ती तशीच पडून राहिली तरी चालतील.