सेल्फ-सर्व्हिस किराणा दुकानातील चोरीबाबत

तुम्ही किराणा दुकान सेल्फ-सर्व्हिस करत आहात, तेव्हा कॅमेऱ्यांच्या आधी मांडणीचा विचार करा. ब्लेडची पाकिटे, डिओडरंट, सुकामेवा असा लहान पण महाग माल गल्ल्यावरून थेट दिसेल अशा फळीवर ठेवावा आणि मधल्या रॅकची उंची खांद्याच्या वर जाऊ देऊ नये. या मालाची मोजणी रोज रात्री दुकान बंद करताना करावी, कारण वर्षअखेरीस स्टॉक जुळवताना निघालेली तूट कोणत्या दिवसाची, हे कोणालाच सांगता येत नाही आणि संशय विनाकारण प्रामाणिक नोकरांवर जातो, जे मला सर्वांत वाईट वाटते. माल उतरवून घेतानाही पेट्या मालासोबत आलेल्या चलनाशी (मालाच्या यादीशी) ताडून पाहा. गल्ल्यावर पैसे घेण्यासाठी लावलेल्या क्यूआर कोडवर कोणी दुसरा स्टिकर चिकटवलेला नाही ना, हे रोज सकाळी स्वतः स्कॅन करून तपासा. ग्राहकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, रक्कम आपल्या खात्यात जमा झाल्याची खात्री करा. संशयिताची अंगझडती घेऊ नका, मारहाण तर मुळीच नको. 112 वर पोलिसांना कळवा आणि कॅमेऱ्याचे चित्रण त्याच दिवशी वेगळे जतन करा, कारण डीव्हीआरची (कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) जागा भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते.