बीएमआय १९, शिक्का 'नॉर्मल', तरी आरशात जाड

'तपासणीत नॉर्मल लिहिलंय, तरी मला मी जाडच दिसते आणि केस मुठीने गळताहेत' हे तुझ्या पोस्टमधलं वाक्य वाचलं आणि माझं कॉलेजचं दुसरं वर्ष आठवलं. अरे-तुरे करतेय, चालेल ना?

वेळेवर जेव वगैरे सांगत बसत नाही. माझं घोडं कुठे पेंड खात होतं तेवढं सांगते.

विद्यापीठाच्या आरोग्य कक्षात (नाव नको) उंची मोजलीच नाही, तोंडी विचारली. बूट-स्वेटरसकट काट्यावर उभं केलं. १६० सेंमी, ४९ किलो, बीएमआय १९.१. मान वर न करता शिक्का मारला. पाळी चुकतेय म्हणून सांगायला तोंड उघडलं, तोवर 'पुढचे या!'

आणि मी अतिशहाणी! वहीत गणित मांडलं: नॉर्मल १८.५ पासून, म्हणजे अजून दीड किलो उतरवायला वाव आहे. रात्रीचं जेवण बंद. रोज दंडाभोवती अंगठा आणि मधलं बोट टेकतंय का बघायचं. अख्खं सेमिस्टर त्यात गेलं.

बीएमआय म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग, बस. केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने १९व्या शतकात तो मांडला, तोही माणसांच्या समूहांचा अभ्यास करताना. अंगात लोह किती, हे त्याला कुठून कळणार?

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करायला लावलं. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे काठावर पास (बायकांसाठी सीमा १२). फेरिटिन मात्र ८! १५च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपलेला. साध्या सीबीसीत (रक्तपेशी मोजायची नेहमीची तपासणी) हे येत नाही, वेगळं सांगावं लागतं. गोळ्या मनाने सुरू करू नकोस, आणि दिल्याच तर चहा-कॉफीबरोबर घेऊ नकोस.

शाम्पू बदलण्यात पैसे घालवू नकोस. असे केस गळतात त्याचं मूळ, म्हणजे खाण्याची आबाळ वगैरे, बहुतेकदा दोन-तीन महिने मागे असतं.

काटा खोलीतून बाहेर काढ, हे माझं मत. सगळ्यांना पटत नाही. नुसत्या पाण्याने किलोभर वर-खाली होतं आणि आपण दिवसभर कुढतो. रक्त सुधारलं तरी माझा आरसा सुधारला नव्हता, त्यासाठी समुपदेशकाकडे वर्षभर जावं लागलं. तुझं वेगळं असू शकेल, मी डॉक्टर नाही.

पाळीबद्दल पोस्टमध्ये काहीच लिहिलं नाहीस. तीन महिने आली नसेल तर डॉक्टरांना केसांआधी ते सांग, आणि 'पुढचे या' म्हणाले तरी खुर्चीवरून उठू नकोस.